चकवा कोणी रचला?

केळशीच्या आमच्या घरात चकव्याची एक गोष्ट तीन पिढ्या चालत आली आहे. पणजोबा रात्री खाडीवरून परतताना वाट चुकले आणि उजाडेपर्यंत वाळूच्या टेकडीभोवतीच फिरत राहिले. गोष्ट ‘पणजोबांची’ म्हणून ओळखली जाते. पण त्यात कंदील कधी विझवायचा, कुठे गप्प व्हायचं, हे आजीने ठरवलं. तिला लेखिका कोणीच म्हटलं नाही.

कोकणातल्या अशाच एका गूढ भेटीवर चिं. त्र्यं. खानोलकरांनी ‘कोंडुरा’ ही कादंबरी लिहिली. श्याम बेनेगलांनी तिच्यावर सिनेमा केला, १९७८ साली. ‘नक्षत्रांचे देणे’ला साहित्य अकादमी पुरस्कारही त्याच वर्षीचा. खानोलकर १९७६मध्येच गेले होते.

दाद उशिरा आली, तरी पोचली, कारण पुस्तकावर नाव होतं. केळशीच्या त्याच टेकडीत पुरातत्त्व अभ्यासकांना जुनी खापरं मिळाली. त्यांवर कुंभाराचं नाव नाही. आजीच्या गोष्टीवरही नाही.

चकवा खरा होता का, हे घरात प्रत्येक पिढी विचारते. गोष्ट कोणी रचली, हा प्रश्न इतिहासाचा आहे. सांगणारी आहे तोवर तिचा आवाज आणि नाव, दोन्ही फोनमध्ये मावतात.