सिंधुदुर्गाचें पाणी व मालवणचें सागरी अभयारण्य

कर्लीची खाडी व समुद्र यांमधील वाळूच्या निरुंद पट्टीवर देवबाग वसलें आहे. तेथून आम्ही होडीनें उत्तरेस सिंधुदुर्गाकडे निघालों. दुर्ग जवळ येतांच नावाड्यानें सरळ वाट सोडून वळणें घेण्यास आरंभ केला. कारण पाण्याखालीं खडक आहेत. ह्या खडकांचे दोन काळीं दोन निरनिराळे उपयोग कसे झाले, हें दाखविण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतु आहे.

शिवछत्रपतींनीं कुरटे बेट निवडून ता. २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं दुर्गाचा पाया घातला. माहितगार नावाड्यावांचून परक्या गलबतास येथें शिरणें दुर्घट, हा त्या जागेचा मोठा गुण. तथापि खडक तेच असतांही इ. स. १७६५ त इंग्रजांनीं दुर्ग घेतला. खडक एकटे राखण करीत नाहींत.

ता. १३ एप्रिल १९८७ रोजीं महाराष्ट्र शासनानें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें येथें अभयारण्य जाहीर केलें. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, पैकीं ३.१८ चौरस किलोमीटर गाभा. सिंधुदुर्ग, पद्मगड व भोंवतालचे बुडीत खडक ह्या गाभ्यांतच येतात. प्रवाळ हा प्राणी असून त्यास बसावयास कठीण तळ लागतो. तो येथें आयताच मिळाला. म्हणजे जें पाणी दुर्गाचा खंदक होतें, तेंच प्रवाळांचें आश्रयस्थान झालें. पुढें २००१ त प्रवाळांसही कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत स्थान मिळालें.

परंतु ह्याच पाण्यांत गाबितांचीं जाळीं पिढ्यान्‌पिढ्या पडत आलीं आहेत. मासेमारी बंद होईल ह्या भीतीनें मच्छीमारांनीं अभयारण्यास विरोध केला. येथें रामचंद्रपंत अमात्यांच्या, इ. स. १७१५ च्या सुमाराच्या, आज्ञापत्राचें स्मरण होतें. आरमारास लांकूड हवें, तरी रयतेच्या आंब्याफणसांस हात लावूं नये. जीर्ण झाड घेणें झाल्यास धन्यास राजी करून, द्रव्य देऊन घ्यावें, असा त्यांत दंडक आहे. राज्याचें कार्य थोर असलें तरी रयतेची संमति त्यापुढें गौण नव्हे, हें त्यांतील तत्त्व आम्हांस आजही लागू वाटतें.

म्हणून संग्राहकांस विनंति कीं, गाबीत घराण्यांत मासेमारीच्या जागांविषयीं व हक्कांविषयीं कागद असतील तर त्यांच्या नकला घ्याव्या, आणि वृद्ध तांडेलांच्या मुखीं असलेलीं खडकांचीं नांवें टिपून ठेवावीं. दुर्गाची वाट ज्यांस ठाऊक होती, त्यांस वगळून ह्या पाण्याची राखण होणार नाहीं.