सैतानासाठी लावलेला सापळा

पंधराव्या शतकातील फ्लेमिश चित्रकलेत ‘मेरोद त्रिफलक’ या नावाने ओळखले जाणारे, जेमतेम दोन फूट उंचीचे, तीन लाकडी फळ्यांवर रंगवलेले एक पूजाचित्र आहे. तूर्ने येथील रॉबेर कांपँ याच्या चित्रशाळेत ते साधारण १४२७ ते १४३२ या काळात तयार झाले असे मानले जाते. मधल्या फळीवर गाब्रिएल देवदूत मरियेला येशूच्या जन्माची वार्ता देत आहे, डावीकडे चित्र करवून घेणारे दांपत्य गुडघे टेकून आहे आणि उजवीकडे मरियेचा पती योसेफ आपल्या सुतारकामाच्या खोलीत बसून एका फळीला गिरमिटाने भोके पाडत आहे. त्याच्या बाकड्यावर तयार झालेला उंदराचा सापळा पडला आहे, आणि तसाच दुसरा खिडकीबाहेरच्या फळीवर, रस्त्याने जाणाऱ्या गिऱ्हाइकाच्या नजरेस पडेल असा मांडला आहे. योसेफाने उंदीर पकडण्याचे सापळे विकले, असे बायबलमध्ये कुठेही सांगितलेले नाही. १९४५ साली मायर शापिरो या अमेरिकी कला-इतिहासकाराने या सापळ्याचे मूळ चित्राच्या सुमारे हजार वर्षे आधी उत्तर आफ्रिकेत झालेल्या एका प्रवचनापर्यंत नेले. ख्रिस्ताच्या मरणाने माणसाचे तारण नेमके कसे झाले, या प्रायश्चित्ताच्या वादाचा इतिहास एरवी ग्रंथकारांच्या नावांनी सांगितला जातो. या सुताराच्या बाकड्यावरून तो पाहू लागले, तर त्यातील जय-पराजयांचा क्रम बराच बदलतो.

वादाची सुरुवात खंडणीपासून होते. आपण पुष्कळांसाठी खंडणी म्हणून जीव देण्यास आलो आहोत, असे येशू म्हणाल्याचे मार्कच्या शुभवर्तमानात आहे. पण खंडणी म्हटली की ती घेणारा कोण, हा प्रश्न येतोच, आणि त्याचे उत्तर मार्क देत नाही. तिसऱ्या शतकात ओरिजेनने उत्तर दिले की ती सैतानाला दिली गेली, कारण पापामुळे माणूस त्याच्या ताब्यात होता. मात्र हा जीव आपल्याला धरून ठेवता येणार नाही, हे न कळल्यामुळे सैतान फसला. या जगाच्या अधिकाऱ्यांना देवाचे रहस्य कळले असते तर त्यांनी गौरवाच्या प्रभूला वधस्तंभावर दिले नसते, हे करिंथकरांस लिहिलेल्या पत्रातील पौलाचे विधान या कल्पनेला आधार म्हणून हाताशी होतेच. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात न्यिसाच्या ग्रेगरीने तिला दृश्य रूप दिले: येशूचे मानवी शरीर हे आमिष, त्यात दडलेले देवत्व हा गळ, आणि अधाशी माशाप्रमाणे सैतानाने आमिषाबरोबर गळही गिळला. हे चित्र हवेतून आलेले नव्हते. इयोबाच्या पुस्तकात देव इयोबाला विचारतो की लिव्याथान नावाच्या जलराक्षसाला तू गळाने ओढून काढशील काय. आणि बाविसाव्या स्तोत्रातील भक्त स्वतःला माणूस नव्हे, किडा म्हणवतो. ग्रीक प्रवचनकारांनी हे दोन धागे जोडले, तेव्हा गळालाही किडा मिळाला.

देवाने फसवणूक करावी का, ही शंका ग्रेगरीला सुचली नव्हती असे नाही. अन्नात विष मिसळणारा आणि औषध मिसळणारा दोघेही लपवालपवी करतात, पण हेतूमुळे एक मारेकरी ठरतो आणि दुसरा वैद्य, असे त्याने उत्तर दिले. शिवाय फसवणाऱ्यालाच फसवणे हा न्याय आहे आणि अखेरीस त्यात सैतानाचेही भलेच आहे, असेही त्याने जोडले. त्याचाच मित्र नाझियान्झसचा ग्रेगरी याला हे पटले नाही. लुटारूला खंडणी देणे, आणि तीही देवाच्या स्वतःच्या रूपात, ही कल्पना त्याने लाजिरवाणी म्हणून झिडकारली. म्हणजे गळाच्या या सिद्धान्तावरचा आक्षेप त्या सिद्धान्ताइतकाच जुना आहे.

गळाचा सापळा झाला तो लॅटिन भाषेत, हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याच्या तोंडी. त्याच्या निदान तीन प्रवचनांत प्रभूचा क्रूस हा सैतानासाठी लावलेला ‘मुस्किपुला’ ठरतो आणि प्रभूचे मरण हे त्यातील आमिष. या एका शब्दावर बरेच काही अवलंबून असल्यामुळे त्यापाशी थोडे थांबणे भाग आहे. व्युत्पत्तीने मुस्किपुला म्हणजे उंदीर पकडणारे साधन, आणि शापिरोने तोच अर्थ गृहीत धरला. परंतु २०१४ साली डेव्हिड स्कॉट-मॅकनॅब याने हे गृहीत उलटवले: ऑगस्टीनच्या काळापर्यंत हा शब्द कोणत्याही फासाला किंवा सापळ्याला सर्रास वापरला जात होता आणि स्तोत्रांच्या जुन्या लॅटिन भाषांतरांत पारध्याच्या फासालाही तोच शब्द आढळतो, तेव्हा ऑगस्टीनच्या श्रोत्यांपुढे उंदीर नव्हे तर पक्षी धरणारा फास उभा राहिला असेल. हा आक्षेप वजनदार आहे. आमिषाचा उल्लेख उंदराच्या बाजूने साक्ष देतो असे म्हणावे, तर पक्ष्यालाही दाणे टाकावेच लागतात. सैतानाला उंदराइतके क्षुद्र करण्याची गंमत ऑगस्टीनच्या विनोदबुद्धीशी जुळते हे खरे, पण विनोदबुद्धी हा पुरावा नव्हे.

तरीही या आक्षेपाने शापिरोचे म्हणणे कोसळत नाही, उलट एका बाजूने बळकट होते. पाचव्या शतकात हिप्पोच्या गर्दीने काय ऐकले, हा प्रश्न वेगळा. पंधराव्या शतकात तूर्नेच्या पाद्र्याने तेच वाक्य वाचताना काय पाहिले, हा वेगळा. शब्दाचा व्यापक अर्थ गळून पडला आणि व्युत्पत्तीचा अर्थ उरला, की जुन्या वाक्यात नवा प्राणी शिरतो. उंदीर ऑगस्टीनने आणला नसेल; त्याच्या वाचकांनी तो आणला, असे मानणे सर्वांत सयुक्तिक दिसते.

पण हे वाक्य त्या वाचकांपर्यंत पोहोचले कसे? कारण मधल्या काळात सैतानाचा दावाच निकालात निघाला होता, असे प्रायश्चित्ताच्या सिद्धान्ताचा बहुतेक प्रत्येक इतिहास सांगतो. १०९८ मध्ये कॅन्टरबरीचा आर्चबिशप अँसेल्म याने ‘देव मनुष्य का झाला’ हा संवाद पूर्ण केला. त्यात त्याचा शिष्य बोसो याच्या तोंडूनच सैतानाचे हक्क नाकारले जातात: माणूसही देवाचा आणि सैतानही देवाचाच, मग धन्याच्या एका चाकराने दुसऱ्याला फूस लावून पळवले म्हणून त्याचा त्याच्यावर हक्क कसा बसतो? अँसेल्मच्या मते ऋण सैतानाचे नसून देवाच्या अवमानित प्रतिष्ठेचे आहे आणि त्याची भरपाई केवळ देव-मनुष्यच करू शकतो. पुढच्या पिढीत पीटर आबेलार याने, येशूच्या मरणातून प्रकट झालेले प्रेम माणसाच्या मनात प्रेम जागवते आणि तेच त्याला मुक्त करते, असे मांडले. त्यावर क्लेअरव्होचा बर्नार्ड खवळला आणि सैतानाचा माणसावरील ताबा न्याय्यच होता, असे त्याने पोपला लिहिलेल्या पत्रात बजावले. येथून पुढे अँसेल्म विरुद्ध आबेलार, म्हणजे भरपाई विरुद्ध प्रेम, असा सामना रंगवला जातो आणि सैतान रंगमंचावरून उतरतो.

तो उतरला नाही, याचे कारण एका पाठ्यपुस्तकात आहे. ११५० च्या दशकात पॅरिसमध्ये पीटर लोम्बार्ड याने पूर्वसूरींची मते विषयवार लावून ‘वचने’ हा चार भागांचा ग्रंथ सिद्ध केला. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने एका वादात लोम्बार्डचे नाव घेऊन त्याची बाजू उचलून धरली, आणि पुढे सोळाव्या शतकापर्यंत ईश्वरशास्त्राची पदवी हवी असणाऱ्या प्रत्येकाला या ग्रंथावर व्याख्याने द्यावी लागली. त्याच्या तिसऱ्या भागातील एकोणिसावे प्रकरण ख्रिस्ताच्या मरणाने सुटका कशी झाली याविषयी आहे. तेथे आरंभी प्रेम जागवण्याची आबेलारची कल्पना आहे, आणि तिच्या शेजारीच, क्रूस हा सैतानासाठी मांडलेला सापळा आणि रक्त हे त्यातील आमिष, हे ऑगस्टीनकडून आलेले वाक्य आहे. ज्याने सैतानाचा दावा पुरता खोडला असे समजले जाते, त्या अँसेल्मचा युक्तिवाद मात्र त्या प्रकरणात जवळजवळ दिसत नाही. ज्या कल्पनेचे खंडन झाले होते ती अभ्यासक्रमात राहिली आणि खंडन बाहेर राहिले. वर्गात शिकलेला विद्यार्थी पुढे गावात प्रवचन करू लागला, की बारीक युक्तिवाद विसरतो आणि सापळा लक्षात ठेवतो. तेव्हा कांपँच्या चित्रापर्यंत ही कल्पना अशाच कुठल्या तरी धर्मोपदेशकाच्या हातून आली असावी, हा तर्क धाडसाचा वाटत नाही.

सापळा योसेफाच्याच हाती का, हा प्रश्न उरतो, आणि शापिरोच्या मांडणीतील सर्वांत सुंदर भाग त्याच्या उत्तरात आहे. दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाच्या इग्नाटियसाने लिहिले होते की मरियेचे कौमार्य, तिचे बाळंतपण आणि प्रभूचे मरण या तिन्ही गोष्टी या जगाच्या अधिपतीपासून लपून राहिल्या. पुढे जेरोमने मरियेच्या लग्नाचे एक कारण म्हणून हेच दिले: नवरा समोर असल्यामुळे मूल कुमारिकेचे आहे, हे सैतानाला कळले नाही. म्हणजे योसेफ हा स्वतःच त्या सापळ्याचा एक भाग होता. पॅरिस विद्यापीठाचा कुलपती झाँ गेर्सों याने पंधराव्या शतकाच्या आरंभी योसेफाच्या भक्तीचा आग्रहाने पुरस्कार केला होता, तेव्हा या साध्या सुताराला पूजाचित्रात स्वतंत्र फळी मिळण्यास काळही अनुकूल होता.

प्रतिस्पर्धी मते अर्थातच आहेत. देणगीदार कोलोनच्या एंगेलब्रेख्त घराण्यातील असून त्याच्या पत्नीचे आडनाव पेट्या बनवणाऱ्या सुताराच्या धंद्यावरून आले आहे, म्हणून योसेफ तेथे आहे, असे काही अभ्यासक म्हणतात. हे मान्य केले तरी त्यातून सुताराचा खुलासा होतो, सापळ्याचा होत नाही. १९६६ मध्ये इरविंग झुपनिक याने ती वस्तू सापळा नसून सुताराचा रंधा आहे असे सुचवले, तर त्याच वर्षी जॉन जेकब याने चित्रावरून प्रत्यक्ष नमुना बनवून घेतला आणि तो सापळा म्हणून चालतो, असे दाखवले. वादाचा निकाल लावण्याची ही पद्धत ईश्वरशास्त्रज्ञांच्या वाट्याला क्वचितच येते. योसेफ भोके पाडत असलेली फळी मात्र अजून कोणाच्याच ताब्यात आलेली नाही: एर्विन पानोफ्स्कीला ती पाय शेकण्याच्या पेटीचे झाकण वाटली, शापिरोला नंतर मासेमारीच्या आमिषाच्या डबीचे, आणि मॅरिलिन लाव्हिन यांना द्राक्षरस गाळण्याच्या यंत्राची चाळणी. आमिषाची डबी खरी ठरली तर गळ आणि सापळा एकाच बाकड्यावर येतात, आणि हा योग इतका सोयीचा आहे की त्याच कारणाने त्याच्याकडे थोड्या संशयाने पाहावे लागते.

लोम्बार्डच्या ग्रंथावर तरुणपणी व्याख्याने दिलेल्यांत मार्टिन ल्यूथरही होता, आणि त्याच्या लेखनात लिव्याथान व गळ पुन्हा अवतरतात. १९३० साली गुस्ताफ आउलेन या स्वीडिश ईश्वरशास्त्रज्ञाने ल्यूथरचा हाच वारसा पुढे करून असे मांडले की प्रायश्चित्ताचा मूळ सिद्धान्त भरपाईचाही नाही आणि प्रेमाच्या आदर्शाचाही नाही, तर दुष्ट शक्तींवर देवाने मिळवलेल्या विजयाचा आहे. त्यासाठी त्याने चर्चच्या आद्य आचार्यांना पुन्हा मानाचे स्थान दिले, पण त्यांचे गळ आणि सापळे मात्र ओबडधोबड प्रतिमा म्हणून बाजूला सारले आणि त्यांच्या आड दडलेला गाभा तेवढा पाहावा असा सल्ला दिला. विजय मिळाला खरा, पण तो नेमका कोणत्या रीतीने, याचा खुलासा आउलेन करत नाही, ही त्याच्या पुस्तकावरची नेहमीची टीका आहे. आणि तो खुलासा जुन्या मांडणीत ज्या एकाच जागी होता, तीच त्याने वगळली होती.