पेटी उतरवण्याआधी : जुन्या जीपच्या क्लच-गिअरचे दोष ओळखण्याची विद्या

जीपच्या क्लचमधले आणि गिअरपेटीतले दोष ओळखण्याची जी रीत जुन्या गॅरेजांत अजून दिसते, तिचा उगम दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी वर्कशॉपांत आहे. १९४० साली अमेरिकी सैन्याने चारही चाकांना ताकद देणाऱ्या हलक्या गाडीची मागणी केली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात बँटम कंपनीने पहिला नमुना सादर केला. पुढे विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपा बांधल्या. गाड्या जगभर पांगल्या. त्या चालवणारे आणि दुरुस्त करणारे बहुतेक जण मात्र नवशिके, घाईघाईने तयार केलेले सैनिक होते. त्यामुळे दुरुस्तीच्या पुस्तिकांत दोष शोधण्याचा क्रमच घालून दिला गेला. आधी लक्षण नोंदवायचे, मग बाहेरून तपासता येतील ती कारणे पाहायची आणि पेटी उतरवायची ती सगळ्यात शेवटी.

या क्रमाला जीपच्या रचनेचे कारण होते. इंजिनाच्या मागे एकच कोरडी क्लच प्लेट, तिच्यामागे तीन गिअरची पेटी आणि पेटीच्या पाठीला बोल्टांनी जोडलेली ट्रान्सफर केस, अशी ही मांडणी. क्लच प्लेट नुसती डोळ्यांनी पाहायची तरी पुढचा-मागचा प्रॉपेलर शाफ्ट, हँडब्रेकची जोडणी आणि पेटीला खालून आधार देणारी आडपट्टी सोडवून दोन्ही पेट्या एकत्र खाली घ्याव्या लागतात. जॅक आणि दोन माणसे हाताशी असली तरी हे काम दमवणारे आहे. दोष पेडलच्या जोडणीत असेल, तर ही सगळी मेहनत फुकट जाते.

जीप भारतात आली ती युद्धकाळात. १९४३ साली हिंदी सैन्यात विद्युत व यांत्रिक अभियंत्यांचे स्वतंत्र दल उभे राहिले आणि वाहनदुरुस्तीला शिस्तबद्ध शिक्षणाचा पाया मिळाला. युद्धानंतर सैन्याने काढून टाकलेल्या गाड्या लिलावात निघाल्या. बंगालमधल्या पानागढला अमेरिकी सैन्याचा मोठा तळ होता. ते गाव पुढे जुन्या गाड्या आणि सुट्या भागांच्या बाजारासाठी ओळखले जाऊ लागले. पंजाब-हरियाणाच्या सीमेवरच्या मंडी डबवालीत लिलावातल्या जीपा पुन्हा बांधण्याचा धंदाच वसला. मुंबईत महिंद्र कंपनीने १९४०च्या दशकाअखेरीस माझगावला विलीज जीपांची जुळणी सुरू केली आणि पुढे सीजे-३बी हे उंच बॉनेटचे मॉडेल इथेच बनू लागले. अमेरिकेत ते १९६८ मध्ये थांबले. भारतात मात्र त्याच घडणीच्या गाड्या पुढे कित्येक वर्षे निघत राहिल्या. इतका दीर्घ काळ एकाच घडणीच्या गाड्या हाताखालून गेल्यामुळे इथल्या मिस्त्र्यांचा हात आणि कान तयार झाला. सैन्यातून निवृत्त झालेल्या मेकॅनिकांनी गॅरेजे काढली, त्यांच्या हाताखाली पोरे शिकली आणि पुस्तिकेतला क्रम पुस्तिकेवाचून पुढच्या पिढीकडे गेला.

या विद्येत क्लचच्या मूळ तक्रारी दोनच मानल्या जातात : क्लच स्लिप मारतो किंवा क्लच पूर्ण सुटत नाही. क्लच स्लिप मारत असेल तर चढावर इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडी वेग घेत नाही, आणि थोड्या वेळात करपल्याचा वास येतो. परीक्षा सोपी आहे. गाडी सपाटीवर उभी करून हँडब्रेक ओढायचा, तिसरा गिअर टाकायचा आणि पेडल हळूहळू सोडायचे. इंजिन गुदमरून बंद पडले तर क्लच धरतो आहे. ते चालूच राहिले तर प्लेट घसरते आहे. मात्र घसरणारी प्लेट झिजलेलीच असते असे नाही. पेडलच्या वरच्या टोकाला थोडा मोकळा खेळ असावा लागतो. युद्धकालीन जीपसाठी तो पाऊण इंच ठरवलेला होता. प्लेटचे फेसिंग झिजत जाते तसा हा खेळ कमी होतो. तो पुरता संपला की रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या फिंगरांवर कायम टेकून राहते आणि क्लच सतत अर्धवट दाबलेला राहतो. अशा वेळी जोडणीचा नट काही आटे फिरवला की गाडी पुन्हा ओढू लागते. नवी प्लेट टाकून पेडलचा खेळ तसाच ठेवला, तर तीही लवकर जळते.

प्लेट घसरण्याचे दुसरे कारण म्हणजे तिच्यावर आलेले तेल. क्लचच्या घंटेसारख्या कवचाला तळाशी एक भोक असते आणि जाणता मिस्त्री गाडीखाली शिरला की आधी तिथे बोट लावतो. काळे, पातळ तेल लागले तर इंजिनाच्या मागच्या सीलमधून गळती आहे. घट्ट, उग्र वासाचे लागले तर गिअर ऑइल पुढे येते आहे. एवढ्यावरून कोणते सील मागवायचे ते पेटी उतरवण्याआधीच ठरते. बोटभर तेलात इतकी माहिती असते, आणि घाईच्या दुरुस्तीत नेमकी हीच तपासणी राहून जाते.

क्लच पूर्ण सुटत नसेल तर गाडी उभी असताना पहिला किंवा रिव्हर्स गिअर टाकताना खरखर होते. इथे निदान चुकण्याची शक्यता सर्वाधिक, कारण जीपच्या मूळ पेटीत सिंक्रोमेश फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरला होता. पहिला आणि रिव्हर्स हे सरकते दात असलेले गिअर. गाडी चालत असताना ते टाकले तर खरखर होणारच. त्यासाठी डबल क्लच करावा लागे : पेडल दाबून गिअर न्यूट्रलला, पेडल सोडून एक्सलरेटरला हलका दाब, पुन्हा पेडल दाबून खालचा गिअर. कसाऱ्याच्या किंवा आंबा घाटात भरल्या गाडीला दुसऱ्यावरून पहिल्यावर आणताना हे जमले नाही, तर दात झिजत. म्हणून अनुभवी मिस्त्री आधी विचारतो की आवाज उभ्या गाडीत येतो की चालत्या. उभ्या गाडीत, पेडल दाबून थोडे थांबल्यावरही खरखर झाली तर पेडलचा खेळ जास्त आहे, प्लेट वाकली आहे, ती शाफ्टच्या खाचांत अडकते आहे किंवा शाफ्टचे पुढचे टोक ज्या बुशात फिरते ते जाम झाले आहे. खालच्या गिअरला आवाज फक्त चालत्या गाडीत येत असेल, तर दोष बहुधा पायाच्या सवयीचा असतो.

आवाजाचे निदानही पायाखालीच होते. इंजिन चालू आणि गिअर न्यूट्रलला ठेवून पेडल दाबले की आवाज सुरू होत असेल, तर रिलीज बेअरिंग संपत आले आहे. पेडल दाबताच आवाज थांबत असेल, तर तो पेटीतल्या बेअरिंगचा, कारण क्लच सुटला की पेटीचे फिरणे थांबते. पेडल सोडून क्लच धरताना गाडी थरथरत असेल तर प्लेटला दोष देण्याआधी इंजिनाची रबरे पाहायची. युद्धकालीन जीपला इंजिन मागेपुढे सरकू नये म्हणून एक स्वतंत्र ताणकेबल दिलेली होती. ती सैल झाली की क्लच धरताना इंजिनच हलते आणि सगळा कंप पेडलमध्ये उतरतो.

दुसरा गिअर आपोआप निसटणे हा या पेट्यांचा जुना रोग. त्याची कारणे शिफ्टरचे कमजोर स्प्रिंग, झिजलेला फोर्क, झिजलेले दात आणि पेटीचे सैल बोल्ट. हे बोल्ट आवळायला लागतात काही मिनिटे, म्हणून ते आधी पाहायचे. तेलाची पातळीही दोन्हीकडे मोजावी लागते, कारण गिअरपेटीतले ऑइल ट्रान्सफर केसमध्ये उतरते; एकीकडे पातळी वाढलेली आणि दुसरीकडे दात कोरडे असे होऊ शकते.

ट्रान्सफर केसच्या तक्रारी वेगळ्या. पुढची चाके जोडल्याशिवाय लो गिअर पडत नाही. ही रचनाच तशी आहे, पण नव्या माणसाला ती बिघाड वाटते. डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर लावून वळणे घेतली की पुढचे आणि मागचे शाफ्ट एकमेकांविरुद्ध पिळले जातात आणि दांडा अडकून बसतो. तो हातोडीने ठोकून वाकवल्याची उदाहरणे आहेत. गाडी थोडी मागे घेतली की पीळ सुटतो आणि दांडा सहज येतो. पुढचे-मागचे टायर असमान झिजलेले असले तरी हाच त्रास होतो.

१९८०च्या दशकात डिझेल इंजिनांचा जोर वाढला. महिंद्रच्या एमएम ५४० सारख्या गाड्यांना प्यूजोचे २.१ लिटरचे डिझेल इंजिन मिळाले, तर अनेक मालकांनी जुन्या पेट्रोल जीपांतही डिझेल इंजिने बसवून घेतली. पेट्रोलच्या हिशेबाने केलेल्या पेट्यांवर डिझेलचे धक्के येऊ लागले. त्याच सुमारास सातारा, सांगली, कोल्हापूर भागात वडापचा धंदा फोफावला. मर्यादेच्या कितीतरी पट माणसे भरून जीपा गावोगाव धावू लागल्या. दर थांब्याला भरली गाडी उचलायची, चढावर हाफ क्लचवर धरून ठेवायची; यात क्लच प्लेट अकाली संपे, प्रेशर प्लेट तापून निळी पडे आणि फ्लायव्हीलला तडे जात. नवी प्लेट टाकताना फ्लायव्हील लेथवर घासून घ्यायचे, हा धडा या काळात ठिकठिकाणच्या गॅरेजांत पक्का झाला. पुण्यातल्या नाना पेठेसारख्या बाजारांतून जुळते भाग मिळत. ते घेताना शाफ्टच्या खाचा मोजून घ्याव्या लागत, कारण एकाच नावाच्या पेट्यांतही मॉडेलप्रमाणे फरक असे.

आता जुन्या जीपा रोजच्या धंद्यात कमी आणि हौशी मालकांच्या अंगणात जास्त दिसतात, त्यामुळे रोगही बदलला आहे. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत फेसिंग गंजाने फ्लायव्हीलला चिकटते; पेडल पूर्ण दाबले तरी क्लच सुटत नाही आणि एकही गिअर पडत नाही. अशा वेळी इंजिन गरम करून बंद करायचे, मोकळ्या मैदानात गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ठेवून पेडल दाबूनच स्टार्टर मारायचा आणि चालू लागलेल्या गाडीला एक्सलरेटर व ब्रेकचे झटके द्यायचे. प्लेट बहुधा सुटते. सुटली नाही, तरच पेटी उतरवायची.