जावा एपीआय दस्तऐवजीकरण

जावा एपीआय दस्तऐवजीकरण म्हणजे जावा या प्रोग्रॅमिंग भाषेसोबत मिळणाऱ्या प्रमाण लायब्ररीतील पॅकेज, क्लास, इंटरफेस आणि मेथड यांचे अधिकृत वर्णन होय. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने जानेवारी १९९६ मध्ये जावाची १.० ही आवृत्ती प्रसिद्ध केली. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतल्यानंतर हे दस्तऐवजीकरण ओरॅकलच्या संकेतस्थळावर उपलब्ध असते. त्याचा मजकूर मूळ कोडमध्येच, प्रत्येक घोषणेच्या वर, विशेष टिपांच्या रूपात लिहिलेला असतो. अशी टीप एक तिरपी रेघ आणि दोन तारका यांनी सुरू होते. जावा २३ पासून तीन तिरप्या रेघांनी सुरू होणाऱ्या मार्कडाउन टिपाही चालतात. जावाडॉक नावाचे साधन या टिपा गोळा करून त्यांची एकमेकांना जोडलेली पाने तयार करते. स्प्रिंग, हायबरनेट, जेयुनिट इत्यादी बाहेरच्या फ्रेमवर्कांचे संदर्भही याच साधनाने तयार होत असल्याने जावाच्या पानांची रचना समजलेल्या वाचकाला ती पानेही अनोळखी वाटत नाहीत.

या पानांचा उपयोग बहुधा मेथडचे नाव किंवा पॅरामीटरांचा क्रम पाहण्यापुरताच केला जातो. त्यांचे खरे काम मात्र वेगळे आहे. एखादी मेथड आज काय करते हे कोड चालवूनही कळते. पुढच्या आवृत्तीत किंवा दुसऱ्या संगणकावरही ती तेच करील असे वचन लायब्ररीने दिले आहे की नाही, हे केवळ दस्तऐवजातून कळते. जावाच्या परिभाषेत या वचनाला करार म्हणतात.

पानांची रचना

जावा ९ (सप्टेंबर २०१७) पासून संपूर्ण लायब्ररी मॉड्यूलांमध्ये विभागलेली आहे. मॉड्यूलात पॅकेजे, पॅकेजात क्लास आणि इंटरफेस, आणि त्यांत मेथड अशी उतरंड असते. नित्य वापरातील बहुतेक गोष्टी ‘जावा.बेस’ या मॉड्यूलात आढळतात. याच आवृत्तीपासून पानांवर शोधपेटीही आली. तत्पूर्वी नाव नेमके माहीत नसल्यास वर्णानुक्रमे लावलेल्या सूचीत शोधावे लागे.

क्लासच्या पानावर सर्वांत वर त्याची वंशावळ, तो पूर्ण करीत असलेले इंटरफेस आणि त्याचे ज्ञात उपक्लास दिलेले असतात. त्यानंतर क्लासचे सविस्तर वर्णन, मग फील्ड, कन्स्ट्रक्टर व मेथड यांचे संक्षिप्त तक्ते आणि शेवटी प्रत्येकाचा तपशील येतो. घाईत असलेला वाचक थेट तक्त्यावर उतरतो. तक्त्यात मेथडच्या वर्णनाचे केवळ पहिले वाक्य असते आणि अटी व अपवाद सहसा दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात असतात. पूर्णांकाचे निरपेक्ष मूल्य देणाऱ्या ‘अ‍ॅब्स’ या मेथडचे पहिले वाक्य अगदी निरुपद्रवी आहे. उणे २१४७४८३६४८ ही सर्वांत लहान पूर्णांक संख्या दिल्यास उत्तरही तीच ऋण संख्या येते, हे तपशिलात उघडल्यावरच वाचायला मिळते.

पॅकेजच्या आरंभीचे वर्णन तर क्वचितच कोणी उघडते. वास्तविक अनेक सर्वसाधारण नियम तेथेच एकदा सांगून टाकलेले असतात आणि पुढे प्रत्येक मेथडपाशी त्यांची पुनरुक्ती नसते. तारीख व वेळ हाताळणाऱ्या ‘जावा.टाइम’ पॅकेजातील मेथडला नल दिल्यास, वेगळे सांगितले नसेल तर, नलपॉइंटर एक्सेप्शन येईल, हा नियम पॅकेजच्या पानावर आहे. एकाच वेळी अनेक थ्रेड चालवताना एका थ्रेडने केलेला बदल दुसऱ्याला केव्हा दिसेल याची हमी ‘जावा.युटिल.कन्करंट’ या पॅकेजच्या वर्णनात सापडते.

मेथडची घोषणा आणि तपशील

मेथडच्या घोषणेत परत येणारा प्रकार, नाव, पॅरामीटरांचे प्रकार आणि संभाव्य एक्सेप्शन असतात. यांपैकी पॅरामीटरांचे प्रकार वाचताना विशेष लक्ष द्यावे लागते, कारण एकाच नावाच्या अनेक मेथड असू शकतात. ‘लिस्ट’ या इंटरफेसमध्ये ‘रिमूव्ह’ नावाच्या दोन मेथड आहेत. एक क्रमांक घेऊन त्या जागेवरील घटक काढते, तर दुसरी घटक घेऊन त्याचा पहिला आढळ काढते. यादीच पूर्णांकांची असेल तर ‘रिमूव्ह’ला साधा ५ दिल्यावर ५ ही संख्या न जाता पाच क्रमांकाच्या जागेवरील घटक जातो. कंपायलर तक्रार करीत नाही आणि आज्ञावलीही बहुतेक वेळा निमूट चालत राहते. चूक उमटते ती उत्तरात.

अक्षरमालेचा तुकडा काढणाऱ्या ‘सबस्ट्रिंग’ मेथडच्या वर्णनात सुरुवातीचा क्रमांक समाविष्ट आणि शेवटचा वगळलेला असल्याचे स्पष्ट म्हटले आहे. ‘समाविष्ट’ आणि ‘वगळलेला’ हे दोन शब्द या लायब्ररीत जागोजागी भेटतात, आणि नवशिक्यांच्या एकाने चुकणाऱ्या मोजणीचे उत्तर बऱ्याचदा त्यांतच असते.

परत येणाऱ्या मूल्याविषयीचे वाक्यही असेच महत्त्वाचे असते. ‘इनपुटस्ट्रीम’ क्लासची ‘रीड’ मेथड दिलेल्या बफरमध्ये बाइट भरते आणि प्रत्यक्षात किती भरले ती संख्या परत करते. मागितल्यापेक्षा कमी बाइट येऊ शकतात, असे दस्तऐवज सांगतो. संगणकातीलच एखादी लहान फाइल वाचताना सहसा पूर्ण बफर भरतो, त्यामुळे परत आलेल्या संख्येकडे दुर्लक्ष करणारा कोडही चाचणीत उत्तीर्ण होतो. तोच कोड नेटवर्कवरून माहिती घेऊ लागला की मधलाच भाग रिकामा राहतो. ही गैरसोय लक्षात घेऊन जावा ९ मध्ये ‘रीडऑलबाइट्स’सारख्या मेथड जोडण्यात आल्या.

करार आणि योगायोग

क्लासमधील मेथडची माहिती घेताना आणि मेथडच्या सूचीचा क्रम गृहीत धरताना झालेला गोंधळ या संदर्भात उद्बोधक आहे. ‘गेटमेथड्स’ ही मेथड एखाद्या क्लासमधील मेथडची सूची देते. तिच्या वर्णनात ही सूची कोणत्याही विशिष्ट क्रमाने लावलेली नसते असे स्वच्छ लिहिले आहे. तरीही प्रत्यक्षात बहुधा त्या कोडमध्ये लिहिलेल्या क्रमानेच मिळत, आणि जेयुनिटमधील चाचण्याही त्याच क्रमाने चालत. अनेक प्रकल्पांतील चाचण्या नकळत या क्रमावर विसंबल्या. जुलै २०११ मध्ये आलेल्या जावा ७ मध्ये हा क्रम अनिश्चित झाला आणि एकमेकींवर अवलंबून असलेल्या चाचण्या कधी उत्तीर्ण, कधी अनुत्तीर्ण होऊ लागल्या. जावाने कोणतेही वचन मोडले नव्हते, कारण क्रमाचे वचन दिलेलेच नव्हते. पुढे जेयुनिटने ४.११ या आवृत्तीत स्वतःचा ठरावीक क्रम लागू केला.

याच जावा ७ मध्ये वस्तूंची क्रमवारी लावण्याची पद्धत बदलून टिमसॉर्ट ही पद्धत आली. दोन वस्तूंची तुलना करणाऱ्या ‘कम्पॅरेटर’च्या पानावर काही अटी आहेत: अ हा ब पेक्षा मोठा ठरत असेल तर उलट तुलनेत ब हा अ पेक्षा लहान ठरला पाहिजे, इत्यादी. या अटी मोडणारे कम्पॅरेटर जुनी पद्धत मुकाट्याने चालवून घेत असे. नवी पद्धत विसंगती आढळल्यास एक्सेप्शन देऊ लागली. येथे करार मोडला होता तो वापरणाऱ्याने. दस्तऐवजातील वचने दुहेरी असतात हे यावरून दिसते. लायब्ररी काय देईल हे जसे त्यात असते, तसेच वापरणाऱ्याने काय पाळायचे हेही असते.

वचन आणि माहिती यांतील फरक वाचकाला दिसावा म्हणून जावा ८ पासून प्रमाण लायब्ररीच्या वर्णनात तीन वेगळ्या खुणा वापरल्या जातात. ‘एपीआय टीप’मध्ये वापराविषयी सल्ला किंवा उदाहरण असते. ‘अंमलबजावणीची आवश्यकता’ या शीर्षकाखालील मजकूर बंधनकारक असतो. क्लास विस्तारू पाहणाऱ्याने तो वाचणे अगत्याचे ठरते. ‘अंमलबजावणीची टीप’ मात्र केवळ त्या आवृत्तीतील आतील व्यवस्थेचे वर्णन करते आणि ती व्यवस्था पुढे बदलू शकते. प्रत्यक्ष पानांवर ही शीर्षके इंग्रजीत असतात.

वारशाने आलेल्या मेथड

क्लासच्या पानावर त्याच्या सर्व मेथडचे पूर्ण वर्णन असतेच असे नाही. पूर्वज क्लासकडून आलेल्या मेथडची नावे तक्त्याखाली केवळ दुव्यांच्या स्वरूपात दिलेली असतात. हवी ती मेथड नसल्याचे वाटल्यास हा भाग आधी पाहावा. तपशिलात एखादी मेथड कोणत्या इंटरफेसने ठरवून दिली आहे याचाही दुवा असतो. मूळ करार बहुधा त्या दुव्याच्या टोकाला सापडतो.

जावा कलेक्शन्स फ्रेमवर्क (जावा १.२, १९९८) वाचताना हे विशेष जाणवते. ‘लिस्ट’ इंटरफेसच्या ‘अ‍ॅड’ मेथडपुढे कंसात ती ऐच्छिक असल्याची नोंद आहे. म्हणजे ‘लिस्ट’ म्हणवणाऱ्या प्रत्येक वस्तूत घटक घालता येतोच असे नाही. ‘अ‍ॅरेज’ क्लासची ‘अ‍ॅजलिस्ट’ मेथड ठरावीक लांबीची यादी देते, आणि तीत भर घालू गेल्यास एक्सेप्शन येते. जावा ९ मधील ‘लिस्ट.ऑफ’ तर अपरिवर्तनीय यादी देते. कंसातील तो एक शब्द वगळून वाचणाऱ्याला या एक्सेप्शनचे कारण लवकर उमगत नाही.

आवृत्ती आणि वापर टाळण्याच्या खुणा

प्रत्येक आवृत्तीचे दस्तऐवज स्वतंत्र असतात आणि शोधयंत्रे अनेकदा जुन्या आवृत्तीच्या पानावर नेऊन सोडतात. पानाच्या वरच्या भागात आवृत्तीचा क्रमांक असतो. तो स्वतःच्या संगणकावरील जावाशी ताडून पाहणे आवश्यक आहे. क्लास किंवा मेथड कोणत्या आवृत्तीपासून उपलब्ध आहे हे ‘सिन्स’ या ओळीत दिलेले असते.

डेप्रिकेटेड ही खूण असलेली मेथड नव्या कोडमध्ये वापरू नये असे अपेक्षित असते. तिच्या कारणासोबत बहुधा पर्यायाचा दुवाही मिळतो. याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ‘जावा.युटिल’मधील ‘डेट’ हा क्लास. त्याच्या एका कन्स्ट्रक्टरमध्ये वर्ष १९०० वजा करून आणि महिना शून्यापासून मोजून द्यावा लागतो. त्यामुळे सरळ २०२४ लिहिल्यास ३९२४ साल तयार होते. हा कन्स्ट्रक्टर आणि या क्लासच्या बऱ्याच मेथड जावा १.१ पासूनच डेप्रिकेटेड आहेत, मात्र क्लासला स्वतःला ती खूण नाही. मार्च २०१४ मध्ये जावा ८ सोबत आलेल्या ‘जावा.टाइम’ पॅकेजातील ‘लोकलडेट’ क्लासमध्ये महिने १ ते १२ असे मोजले जातात. जावा ९ पासून ‘काढून टाकण्यासाठी’ अशी अधिक कडक खूणही वापरात आहे. चालू थ्रेड बळाने थांबवणारी ‘स्टॉप’ ही मेथड जावा १.२ पासून डेप्रिकेटेड होती. ती प्रत्यक्ष निकामी झाली जावा २० मध्ये. त्या आवृत्तीत ती थ्रेड न थांबवता एक्सेप्शन देऊ लागली. डेप्रिकेशन आणि अंत यांत असे दोन तपांचे अंतर पडू शकते, आणि त्यामुळेच ही खूण अनेकांना गांभीर्याने घ्यावीशी वाटत नाही.

देवनागरी आणि मोडी मजकूर

मराठी मजकुरावर काम करणाऱ्यांसाठी ‘स्ट्रिंग’ क्लासच्या ‘लेंग्थ’ मेथडचे वर्णन महत्त्वाचे आहे. ही मेथड अक्षरे मोजते असे सर्रास समजले जाते. दस्तऐवजानुसार ती युनिकोडची कोड एकके मोजते. ‘क्षत्रिय’ या शब्दात वाचकाला क्ष, त्रि आणि य ही तीन अक्षरे दिसतात. ‘लेंग्थ’चे उत्तर ८ येते, कारण क, ष, त, र, य ही व्यंजने, दोन हलंत चिन्हे आणि एक वेलांटी स्वतंत्रपणे मोजली जातात. नावाची लांबी तपासणारे अर्ज किंवा शब्द अर्ध्यात तोडणारी पाने येथेच फसतात.

मोडी लिपीच्या बाबतीत आणखी एक पायरी आहे. २०१४ मध्ये युनिकोड ७.० मध्ये समाविष्ट झालेल्या या लिपीची चिन्हे युनिकोडच्या मूळ ६५,५३६ स्थानांपलीकडील भागात असल्याने जावात प्रत्येक मोडी चिन्हाला दोन कोड एकके लागतात. एकट्या मोडी वर्णाची ‘लेंग्थ’ २ येते. चिन्हांची संख्या हवी असल्यास त्याच पानावरील ‘कोडपॉइंटकाउंट’ ही मेथड वापरावी लागते. मात्र तीही ‘क्षत्रिय’साठी ८ हेच उत्तर देईल.

मर्यादा

हे दस्तऐवजीकरण संदर्भासाठी असल्याने त्यात विषयाची ओळख क्रमाक्रमाने करून दिलेली नसते. कोणता क्लास निवडावा हे ठाऊक नसलेल्या वाचकाला आधी पाठ्यपुस्तक किंवा मार्गदर्शिका लागते. बाहेरच्या फ्रेमवर्कांच्या पानांवर मेथडचे नावच वाक्यात पुन्हा लिहून वर्णन उरकलेलेही आढळते. अशा वेळी मूळ कोड वाचण्याचा पर्याय राहतो. जावाच्या विकास संचासोबत लायब्ररीचा कोड एका संकुचित फाइलमध्ये दिलेला असतो. जावा ७ च्या सहाव्या सुधारणेपर्यंत तो कोड पाहणाऱ्याला ‘सबस्ट्रिंग’ मूळ अक्षरमालेचीच साठवण वाटून घेते असे दिसले असते. त्या सुधारणेपासून ती तुकड्याची स्वतंत्र प्रत करू लागली, आणि मेथडच्या वर्णनात त्यासाठी काहीही बदलावे लागले नाही.