डोमेन नावांतील गुंतवणूक

इंटरनेटवरील पत्ता म्हणून वापरता येणारे नाव पुढे जास्त किमतीला विकण्याच्या हेतूने नोंदवायचे किंवा दुसऱ्याकडून विकत घ्यायचे आणि ग्राहक मिळेपर्यंत दरवर्षी शुल्क भरून ते हाती राखायचे, या व्यवहाराला डोमेन नावांतील गुंतवणूक म्हणतात. हा उद्योग करणारे स्वतःला ‘डोमेनर’ म्हणवतात. दुकान लागत नाही, माल साठवावा लागत नाही आणि हजारभर रुपयांत पहिले नाव पदरात पडते. त्यामुळे विद्यार्थी, संगणक क्षेत्रातले नोकरदार आणि हौशी मंडळी याकडे सहज वळतात. सुरुवात थोड्या पैशांत होते, पण धंदा थोड्या पैशांत टिकवणे अवघड आहे, हे बहुतेकांना दुसऱ्या वर्षीचे नूतनीकरणाचे बिल आल्यावरच कळते.

डोमेन नाव कोणाच्याही कायमच्या मालकीचे होत नाही. ते भाडेपट्ट्याच्या जमिनीसारखे असते. मुदत आहे आणि भाडे भरले आहे तोवर ताबा आपला. या व्यवस्थेच्या वरच्या टोकाला 1998 साली अमेरिकेत स्थापन झालेली आयकॅन ही संस्था आहे. तिच्याखाली प्रत्येक प्रत्ययाची, म्हणजे पत्त्याच्या शेवटच्या भागाची, नोंदवही राखणारी एकेक रजिस्ट्री असते. ‘डॉट कॉम’ची व्हेरिसाइन आणि ‘डॉट इन’ची भारतातील निक्सी. सामान्य माणूस ज्याच्याकडून नाव घेतो तो रजिस्ट्रार, म्हणजे रजिस्ट्रीचा अधिकृत विक्रेता. एका वेळी जास्तीत जास्त 10 वर्षांचे पैसे भरता येतात.

आकड्यांचे पत्ते लक्षात ठेवण्यापेक्षा नावे बरी, म्हणून पॉल मॉकापेट्रिस यांनी 1983 मध्ये डोमेन नावांची पद्धत आखली. पहिले ‘डॉट कॉम’ नाव ‘सिम्बॉलिक्स’ या संगणक कंपनीने 15 मार्च 1985 रोजी नोंदवले. पुढची दहा वर्षे नोंदणी फुकट होती. सप्टेंबर 1995 पासून दोन वर्षांना 100 डॉलर आकारले जाऊ लागले आणि नावाला किंमत असते हे सर्वांच्या लक्षात आले. ‘बिझनेस डॉट कॉम’ 1997 मध्ये दीड लाख डॉलरला घेतले गेले आणि 1999 मध्ये 75 लाख डॉलरला विकले गेले. 2019 मध्ये ‘व्हॉइस डॉट कॉम’ला 3 कोटी डॉलर मिळाले. नवख्यांना भुरळ पडते ती याच आकड्यांची. पण ही नावे नव्वदच्या दशकात, जवळजवळ मोकळ्या मैदानात मिळवलेली होती. आज ‘डॉट कॉम’खाली 15 कोटींहून अधिक नावे नोंदलेली आहेत. रोजच्या वापरातला एका शब्दाचा इंग्रजी पत्ता नोंदणीच्या दरात मिळण्याची वेळ केव्हाच निघून गेली.

भारतीय उदाहरण पाहायचे तर ते मुंबईचे आहे. अनुपम मित्तल यांचे विवाहजुळणीचे संकेतस्थळ आधी ‘सगाई डॉट कॉम’ होते. ‘शादी डॉट कॉम’ हे नाव घेण्यासाठी खात्यातल्या सुमारे 30 हजार डॉलरपैकी 25 हजार आपण घातले, असे मित्तल यांनी सांगितले आहे. ही गोष्ट नाव विकणाऱ्याच्या बाजूनेही वाचावी. चांगली किंमत देतो तो दुसरा डोमेनर नसतो. ज्याला त्या नावाने स्वतःचा व्यवसाय चालवायचा आहे, तोच ती देतो. अशी माणसे एका नावासाठी जगात दोन-चारच असतात आणि त्यांपैकी कोणी केव्हा येईल ते आपल्या हाती नसते.

नूतनीकरणाचे गणित : सप्टेंबर 2024 पासून व्हेरिसाइन रजिस्ट्रारकडून एका ‘डॉट कॉम’ नावाचे वर्षाला 10.26 डॉलर घेते. त्यात रजिस्ट्रारचा नफा आणि भारतातला 18 टक्के जीएसटी मिळवला, की ग्राहकाला हे नाव वर्षाकाठी साधारण हजार ते दीड हजार रुपयांना पडते. पहिल्या वर्षी सवलत असते, दुसऱ्या वर्षी नसते. म्हणून नाव घेताना खरेदीच्या दराआधी नूतनीकरणाचा दर पाहावा.

हाताशी 15,000 रुपये आहेत आणि एका नावाचा वार्षिक खर्च सरासरी 1,200 रुपये आहे असे धरू. नवखा माणूस पहिल्याच आठवड्यात 12 नावे घेतो आणि 14,400 रुपये संपवतो. या धंद्यात मुरलेले लोक असा अंदाज सांगतात, की बऱ्यापैकी निवडलेल्या नावांपैकी वर्षाला शेकडा एक ते दोन विकली जातात. नवख्याची नावे बहुधा त्याहून कमी. दीड टक्का धरला तर 12 नावांपैकी एखादे वर्षभरात विकले जाण्याची शक्यता सुमारे सहात एक येते. म्हणजे बरोबरीत सुटायलाही ती एक विक्री 86,400 रुपये हातात देणारी हवी. नावे विकून देणाऱ्या ऑनलाइन बाजारपेठेचे कमिशन 15 टक्के धरले, तर ग्राहकाने लाखभर रुपये मोजायला हवेत. वर्षअखेरीस ग्राहक आला नाही तर पुन्हा 14,400 भरा नाहीतर नावे सोडून द्या. बहुतेक जण सोडून देतात.

तेवढ्याच पैशांत तीन नावे चार वर्षे राखता येतात. दोन्ही मार्गांनी विकत घेतली जातात ती बाराच नाव-वर्षे, त्यामुळे निव्वळ टक्केवारीने शक्यता बदलत नाही. फरक निवडीत पडतो. बारांपैकी नऊ नावे आधीच कागदावर खोडावी लागतात आणि उरलेल्या तीन नावांचा नीट तपास करायला उसंत मिळते. शिवाय त्या चार वर्षांत बाजाराची ओळख होते. एका वर्षात पैसे संपलेल्या माणसाची ती होत नाही. अपुऱ्या भांडवलात नावांची संख्या वाढवणे ही सर्वांत सामान्य आणि सर्वांत महागडी चूक आहे.

निवड : नाव फोनवर एकदा उच्चारले आणि ऐकणाऱ्याने ते न विचारता बिनचूक टंकले, तर ते बरे नाव. या एका कसोटीवर मराठी आणि हिंदी शब्दांची रोमन नावे मोठ्या संख्येने गळतात. ‘पाणी’ एका ए-ने लिहायचे की दोन, ‘शाळा’त किती ए, ‘लग्न’च्या शेवटी ए लावायचा की नाही, यावर दोन माणसांचे एकमत होत नाही. ‘शादी’चे दोन ए लोकांच्या बोटांवर बसले ते वर्षानुवर्षांच्या जाहिरातींमुळे. अंक, आडव्या रेषा आणि मुद्दाम वाकडे केलेले स्पेलिंग टाळावे. गावाचे नाव आणि सेवा, उदाहरणार्थ एखादे शहर आणि तिथली दंतचिकित्सा, अशा जोडणीची ‘डॉट इन’ नावे स्थानिक व्यावसायिकाला उपयोगी असतात आणि स्वस्तही पडतात. मात्र त्यांची किंमत काही हजार रुपयांपलीकडे क्वचितच जाते. दवाखाना चालवणारा डॉक्टर पाटीवर जेवढा खर्च करतो तेवढाच तो पत्त्यावर करील.

किमतीचा अंदाज घेण्यासाठी ‘नेमबायो’सारख्या संकेतस्थळांवर झालेल्या विक्रींची नोंद पाहता येते. तिथे न विकलेल्या नावांची मोजदाद नसते, हे मात्र विसरू नये. रजिस्ट्रारच्या संगणकाने आपोआप सांगितलेल्या ‘मूल्यांकना’वर विसंबून खरेदी करू नये. तो आकडा सांगणाराच नाव विकणारा असतो.

देवनागरीतील ‘डॉट भारत’ हा प्रत्यय ऑगस्ट 2014 मध्ये सुरू झाला. मराठी व कोंकणीसह आठ भाषांसाठी तो चालतो. तांत्रिक पातळीवर देवनागरी नावाचे पुनिकोड नावाच्या पद्धतीने रोमन अक्षरांत रूपांतर होते. स्वतःचे संकेतस्थळ मराठीत चालवणाऱ्याने असे नाव जरूर घ्यावे. विकण्यासाठी घेऊ नये, कारण पुनर्विक्रीचा बाजार जवळपास नाही आणि ईमेलसाठी अशी नावे सगळीकडे स्वीकारली जात नाहीत.

इतर प्रत्ययांत ‘डॉट एआय’ हा अँग्विला या कॅरिबियन बेटाचा देशप्रत्यय. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेत त्याला मोठी मागणी आली. पण तिथे किमान दोन वर्षांची नोंदणी सक्तीची आहे आणि दर ‘डॉट कॉम’च्या कैक पट. 2014 नंतर आलेले शेकडो नवे प्रत्यय पहिल्या वर्षी शंभर-दीडशे रुपयांत मिळतात आणि दुसऱ्या वर्षी काही हजार मागतात. फुकट नावांचा अनुभव तर वाईटच आहे. टोकेलाऊ बेटांचा ‘डॉट टीके’ फुकट वाटणाऱ्या फ्रीनॉम कंपनीने 2023 मध्ये नवी नोंदणी थांबवली आणि पुढे हा व्यवसायच सोडला.

मुदत संपलेली नावे : मूळ मालकाने पैसे न भरलेले ‘डॉट कॉम’ नाव लगेच मोकळे होत नाही. आधी रजिस्ट्रारच्या धोरणानुसार 45 दिवसांपर्यंत सवलतीचा काळ असतो, मग 30 दिवस जादा दंड भरून सोडवून घेण्याची मुभा आणि अखेर 5 दिवस नाव गोठलेले. त्यानंतर ते पुन्हा बाजारात पडते. त्या क्षणी ते पकडण्यासाठी मोठ्या कंपन्या अनेक रजिस्ट्रारांचे परवाने घेऊन बसलेल्या असतात, त्यामुळे हाताने टिपणे अशक्यप्राय. शिवाय चांगली नावे त्याआधीच रजिस्ट्रारच्या लिलावात निघून जातात. या लिलावांत कमी बोलीवर एखादे जुने, स्वच्छ नाव मिळू शकते आणि थोड्या भांडवलवाल्याला नवी नोंदणी करण्यापेक्षा हा मार्ग बरा. बोली लावण्यापूर्वी संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हवर त्या पत्त्यावर पूर्वी काय चालत होते ते पाहावे. जुगाराची किंवा फसवणुकीची संकेतस्थळे चाललेले नाव ग्राहकाच्या गळी उतरत नाही.

कायदा : या उद्योगाची सर्वांत धारदार बाजू हीच. दुसऱ्याच्या प्रसिद्ध नावाचे डोमेन अडवून पैसे मागणे याला ‘सायबरस्क्वॉटिंग’ म्हणतात आणि ती गुंतवणूक नव्हे. भारतात 1999 सालीच दोन महत्त्वाचे निकाल लागले. दिल्ली उच्च न्यायालयाने ‘याहूइंडिया’ या नावाला मनाई केली, तर मुंबई उच्च न्यायालयाने ‘रेडिफ’च्या तक्रारीवरून एका अक्षराच्या फरकाने घेतलेले ‘रॅडिफ’ रोखले आणि डोमेन नावाला ट्रेडमार्कइतकेच संरक्षण मिळायला हवे असे मानले. सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये सत्यम इन्फोवे प्रकरणात याच भूमिकेवर शिक्कामोर्तब केले.

न्यायालयाबाहेर ‘डॉट कॉम’साठी 1999 पासून आयकॅनचे तंटानिवारण धोरण लागू आहे. तक्रारदाराला तिथे नाव वाईट हेतूने नोंदवले आणि वाईट हेतूने वापरलेही, असे दोन्ही दाखवावे लागते. ‘डॉट इन’च्या भारतीय धोरणात यांपैकी एक सिद्ध झाले तरी पुरते, म्हणजे ते नाव धरणाऱ्यावर अधिक कडक आहे. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एका पंचापुढे पाच नावांपर्यंतची तक्रार नेण्याचे शुल्क 1,500 डॉलर आहे. मोठ्या कंपनीला हा किरकोळ खर्च. नाव धरणाऱ्याला मात्र उत्तर द्यायला वकील लावला तरी त्याचे वर्षभराचे भांडवल संपते. ट्रेडमार्कच्या मालकालाच नाव चढ्या भावाने विकू पाहणे, हा वाईट हेतूचा पुरावा धरला जातो.

2024 मधील ‘जिओहॉटस्टार’ प्रकरण भारतात गाजले. रिलायन्स आणि डिस्ने यांच्या माध्यमसेवा एकत्र येणार असा अंदाज बांधून दिल्लीच्या एका तरुण विकासकाने ते नाव आधीच नोंदवले होते. त्याबदल्यात केंब्रिजमधील शिक्षणाचा खर्च कंपनीने द्यावा, अशी त्याची जाहीर मागणी होती. ती मान्य झाली नाही. नाव पुढे दुबईतील दोन भावंडांकडे गेले आणि त्यांनी ते कंपनीला विनामोबदला देऊ केले. फेब्रुवारी 2025 मध्ये सेवा त्याच नावाने सुरू झाली. समाजमाध्यमांत त्या तरुणाच्या कल्पकतेचे कौतुक झाले. अंदाज अचूक होता हे मान्य, पण दोन नोंदणीकृत चिन्हे जोडून केलेले नाव विकण्याजोगा माल ठरत नाही. नाव घेण्यापूर्वी भारतीय ट्रेडमार्क नोंदवहीत शोध घ्यावा. तो संकेतस्थळावर मोफत घेता येतो.

विक्री : सेडो आणि आफ्टर्निक या मुख्य बाजारपेठा. त्या साधारण 10 ते 25 टक्के कमिशन कापतात. नावावर ‘विकणे आहे’ असे साधे पान आणि ठरलेली किंमत लावणे सर्वांत उपयोगी, कारण भाव विचारायला लावले की लहान व्यावसायिक निघून जातो. हप्त्यांनी विक्रीचीही सोय आहे. रकमेचा व्यवहार एस्क्रो सेवेमार्फतच करावा. तीत पैसे मध्यस्थाकडे जमा झाल्यावर नाव हस्तांतरित होते आणि मग रक्कम सुटते. नुकतेच नोंदवलेले किंवा हस्तांतरित झालेले नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेण्यावर सहसा 60 दिवसांची बंदी असते, हे ग्राहकाला आधी सांगावे. रिकाम्या पानावर जाहिराती लावून मिळणारे ‘पार्किंग’चे उत्पन्न एकेकाळी बरे होते. आज ते साध्या नावाचे नूतनीकरणही भागवत नाही. वारंवार खरेदी-विक्री करणाऱ्याचा नफा सर्वसाधारणपणे व्यवसायाचे उत्पन्न समजला जातो, म्हणून खरेदीची आणि नूतनीकरणाची बिले जपून ठेवावीत.

नवख्यांना हमखास गाठणारी एक फसवणूक आहे. तुमचे नाव हजारो डॉलरला घ्यायला कोणी तयार आहे असे पत्र येते. दोन-तीन पत्रांनंतर तो ‘ग्राहक’ अमुक एका संकेतस्थळाचे मूल्यांकन-प्रमाणपत्र मागतो. त्याचे शंभर-दीडशे डॉलर विक्रेत्याने भरले की ग्राहक नाहीसा होतो, कारण ते संकेतस्थळही त्याचेच असते. असे पत्र आल्यास एस्क्रोचा दुवा पाठवून थांबावे आणि प्रमाणपत्राचे नाव निघताच पत्रव्यवहार बंद करावा.