अन्नदान, धर्मांतर आणि लोकस्मृती : आयर्लंडच्या महादुष्काळाची मौखिक परंपरा

बटाट्यावरील करपा रोगामुळे आयर्लंडमध्ये १८४५ ते १८५२ या काळात जो दुष्काळ पडला, त्यात सुमारे १० लाख माणसे दगावली व त्याहून अधिक देशांतरास गेली. या दुष्काळाविषयीच्या लोककथांत ‘सूपर’ हा शब्द वारंवार भेटतो. अन्नासाठी कॅथलिक पंथ सोडून प्रॉटेस्टंट झालेल्यास, तसेच सूप वाटून पंथांतर घडविणाऱ्या धर्मप्रसारकासही हे नाव होते. या कथांचे साक्षीमूल्य काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

अन्नाआड धर्मप्रसार झाला, हे नाकारता येत नाही. मेयो काउंटीतील अकिल बेटावर एडवर्ड नँगल या धर्मोपदेशकाने १८३० च्या दशकात वसाहत स्थापिली होती. दुष्काळात तिच्या शाळांतून जेवण मिळे आणि त्यासोबत प्रॉटेस्टंट शिकवणही. परंतु सुपाचे सर्वांत मोठे वाटप सरकारी होते. १८४७ च्या कायद्यान्वये त्या वर्षीच्या जुलैत दररोज सुमारे ३० लाख लोकांना अन्न मिळत होते, व त्यासाठी पंथ बदलावा लागत नव्हता. क्वेकरांनीही तशी अट घातली नाही. कित्येक प्रॉटेस्टंट पाद्री तर मदतकार्य करताना तापाने मेले. डेस्मंड बोवेन यांनी १९७० च्या आपल्या ग्रंथात या आरोपाची व्याप्ती अतिशयोक्त ठरविली, ती याच आधारे. मग लोकस्मृतीत अटीचेच सूप ठळकपणे का उरावे?

आयरिश लोकसाहित्य आयोगाने १९४५ मध्ये शताब्दीनिमित्त प्रश्नावली पाठवून खेडोपाडीच्या आठवणी जमविल्या. सांगणारे बहुधा दुष्काळातून वाचलेल्यांची मुले वा नातवंडे. वाचलेल्यांनी कोठून तरी अन्न घेतलेच होते. निर्वंश झालेल्यांच्या वतीने बोलावयास कोणी उरले नव्हते. तेव्हा ‘आमच्या घरी सूप घेतले नाही’ या सांगण्यात अन्नाअन्नात भेद करण्याची निकड दिसते. कथांतील प्रसारक नेमके शुक्रवारी, म्हणजे कॅथलिकांना मांस वर्ज्य असलेल्या दिवशी, मांसाचे सूप वाढतो. हा तपशील प्रत्येक ठिकाणी घडला असेलच असे नाही; पण भुकेल्याला अन्नाबरोबर काय गिळावे लागले, ते तो अचूक सांगतो.

याच संग्रहांत एक हसरी कथाही आहे. पंथ सोडणारा देवाचा निरोप घेतो, तो नवे बटाटे येईपर्यंतच! येथे गावाने त्याला क्षमा केलेली दिसते. प्रत्यक्षात मात्र ‘सूप घेतलेले घराणे’ हा शिक्का पुढील पिढ्यांनाही चिकटला. ज्यांनी ते सूप कधी चाखलेही नव्हते, त्यांनाही.