व्हायनिल क्लोराइड : उरलेल्या मालाची कुळकथा

पाण्याचे पाइप आणि विजेच्या तारांची आवरणे ज्या पीव्हीसीपासून बनतात, ते व्हायनिल क्लोराइड या वायूचे असंख्य रेणू साखळीसारखे जोडून तयार होणारे बहुवारिक असून, त्या साखळीतील सुट्या दुव्याला एकवारिक म्हणतात. या एकवारिकाच्या उत्पादनाची जवळजवळ प्रत्येक नवी पद्धत गरजेपेक्षा कारखान्यात साचलेल्या अडगळीतून जन्मली, हे त्याच्या इतिहासाचे वैशिष्ट्य होय.

फ्रेंच रसायनज्ञ आंरी व्हिक्तॉर रेन्यो यांनी १८३५ मध्ये एथिलीन डायक्लोराइडवर अल्कोहोलात विरघळवलेल्या कॉस्टिक पोटॅशची क्रिया करून हा वायू मिळवला, आणि १८७२ मध्ये ऑइगेन बाउमान यांना तो सूर्यप्रकाशात पांढऱ्या घन पदार्थात बदलताना दिसला; परंतु दोन्ही शोध कागदावरच राहिले. पुढे विजेच्या दिव्यांनी ॲसिटिलीनचे दिवे मागे सारल्यावर जर्मनीत कॅल्शियम कार्बाइड, आणि त्यापासून निघणारे ॲसिटिलीन, पडून राहू लागले. ग्रीसहाइम-एलेक्ट्रॉन कंपनीतील फ्रित्स क्लाटे यांनी १९१२ मध्ये मर्क्युरिक क्लोराइड हे उत्प्रेरक, म्हणजे स्वतः खर्ची न पडता क्रियेला वेग देणारे द्रव्य, वापरून ॲसिटिलीन व हायड्रोजन क्लोराइड यांचा संयोग घडवला. मालाला गिऱ्हाईक मिळेना, म्हणून कंपनीने १९२५ मध्ये एकस्वावरील हक्क सोडले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत वॉल्डो सेमन यांनी पीव्हीसी लवचिक करून दाखवले, हा योग कंपनीच्या दृष्टीने दुर्दैवीच म्हणावा लागेल.

दुसरी अडगळ क्लोरिनची. मिठाच्या द्रावणात वीज सोडून कॉस्टिक सोडा बनवताना जवळजवळ तेवढ्याच वजनाचे क्लोरिन सुटते, आणि व्हायनिल क्लोराइडच्या वजनात क्लोरिनचा वाटा सुमारे ५७ टक्के असल्याने ते तेथे चांगले खपले. खनिज तेलापासून स्वस्त एथिलीन मिळू लागल्यावर त्यात क्लोरिन मिसळून एथिलीन डायक्लोराइड बनवावे आणि ते सुमारे ५०० अंश सेल्सियसला तापवून फोडावे, ही पद्धत रुळली. एका फेरीत साधारण निम्मेच द्रव्य फोडले जाते, कारण हाव धरल्यास भट्टीच्या नळ्यांत कोक साचतो. या भंजनातून पुन्हा हायड्रोजन क्लोराइड उरे. तांब्याच्या क्लोराइडच्या साहाय्याने त्याची एथिलीन व ऑक्सिजनशी क्रिया करून परत डायक्लोराइड मिळवणारे ऑक्सिक्लोरिनेशन १९५० च्या दशकाच्या अखेरीस आले आणि चक्र पूर्ण झाले.

हा वायू रंगहीन, ज्वालाग्राही व हवेच्या दुपटीहून जड असून उणे १३ अंशांच्या आसपास द्रवरूप होतो, म्हणून तो दाबाखाली द्रवरूपात साठवतात. त्याचा गोडसर वास मात्र फसवा, कारण हवेतील प्रमाण दशलक्षांत काही हजार भाग होईपर्यंत तो जाणवतच नाही. बहुवारिकीकरणाच्या टाक्यांत उतरून भिंतींना चिकटलेला थर हाताने खरवडणाऱ्या कामगारांच्या बोटांच्या टोकांची हाडे झिजत असल्याचे १९६० च्या दशकात आढळले होते. १९७४ मध्ये अमेरिकेतील लुइव्हिल येथील कारखान्याच्या कामगारांत यकृताचा एक अतिशय दुर्मीळ कर्करोग उघडकीस आला. त्याच वर्षी तेथील अनुज्ञेय मर्यादा दशलक्षांत ५०० भागांवरून सरासरी १ भागावर आणण्याचा नियम निघाला. त्यानंतर टाक्या बंदिस्त झाल्या, त्या उच्च दाबाच्या पाण्याने धुतल्या जाऊ लागल्या, आणि पीव्हीसीत अडकून राहणारे एकवारिक वाफेने काढून पुन्हा उत्पादनात घेतले जाऊ लागले.